निरोप्याच्या काठीवरचे दोरे

फार जुनी गोष्ट. किती जुनी ते विचारू नका, मला आकड्यांचा कंटाळा आहे. तेव्हा टपाल नव्हतं, कागद कुणी पाहिला नव्हता, आणि एका माणसाचा निरोप दुसऱ्याकडे जायचा तो तिसऱ्याच्या तोंडून. एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

तर एक डोंगर होता. त्याच्या अलीकडे एक गाव आणि पलीकडे एक गाव. अलीकडच्या गावच्या मुली पलीकडच्या गावात द्यायच्या, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पलीकडची जमीन काळीभोर आणि माणसंही बरी, म्हणून कुणाची तक्रार नव्हती. पण मधली वाट अशी अवघड, की लेक एकदा डोंगरापलीकडे गेली की तिचं तोंड दिसणं मुश्कील. ये-जा करायचा तो एकटा निरोप्या.

निरोप्याचं नाव सटवाजी. अंगाने काटक, पायात जाड वहाणा, हातात बांबूची उंच काठी. माणूस सोन्यासारखा, पण घायकुत्या. कुणी बोलायला लागलं की हा एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायचा. घरंच इतकी, निरोप इतके, आणि डोंगर उतरायचा तो उजेडात. मग त्याने एक युक्ती काढली. काठीवर घरागणिक एकेक खाच पाडली आणि कनवटीला दोन गुंड्या ठेवल्या, एक पांढऱ्या दोऱ्याची आणि एक काळ्या दोऱ्याची. दारात उभं राहायचं आणि विचारायचं, "बोल पोरी, सुखी की दुःखी?" सुखी म्हटलं की त्या घराच्या खाचेत पांढरा दोरा. दुःखी म्हटलं की काळा. झालं काम, चालला सटवाजी!

कुणी "तसं बरं आहे, पण..." म्हणून सुरुवात केली, की तो हात जोडायचा. "बाई गं, तो 'पण' मला बांधता येत नाही. पांढरा की काळा, तेवढं सांग."

हसू नका. तुम्हाला वाटेत कुणी "काय, कसं काय?" विचारतं तेव्हा तुम्ही "मजेत" म्हणून पुढे जाता की नाही? मग सटवाजीच्या काठीवर तुमचाही एक पांढरा दोरा आहे असं समजा आणि गप्प ऐका.

गावाला ही युक्ती फार आवडली. त्या दोन दोऱ्यांवर गावाने आपली रीतच बसवून टाकली. पांढरा दोरा आला की आईने शेजारीपाजारी गूळ वाटायचा. काळा दोरा आला की सगळ्या भावकीने काठ्या घेऊन डोंगर ओलांडायचा आणि व्याह्याच्या अंगणात उभं राहून विचारायचं, "आमच्या लेकीला काय केलंत?" आईला लेकीच्या घरी जायला मिळायचं ते तेव्हाच, त्या काठ्यांच्या मागून. एरवी बोलावल्याशिवाय जायचं नाही, आणि सासुरवाशिणीने आपल्या तोंडाने 'ये' म्हणायचं नाही. ही बंदी दोऱ्यांच्याही आधीची; असं का, ते मला ठाऊक नाही. ज्यांनी हे ठरवलं ते केव्हाच मरून गेले, आणि मागे राहिलेल्यांनी विचारलं नाही.

अलीकडच्या गावात गोजरा नावाची एक बाई होती. नवरा लवकर गेलेला, एकच लेक, बकुळा. गोजराने काबाडकष्ट करून पोर वाढवली आणि रीतीप्रमाणे डोंगरापलीकडे दिली. लग्न थाटात झालं. पण पाठवणीच्या वेळी काय झालं, वऱ्हाडाला निघायची घाई, कुणाला पाणी हवं, कुणाला शिदोरी हवी, गोजरा एकटी धावतेय. हातातलं टाकून ती बाहेर आली, तोवर लेक वळणापलीकडे गेलेली. लेकीच्या तोंडावरून हात फिरवायचा राहूनच गेला.

बकुळाचं सासर चांगलं निघालं. अगदी खरं चांगलं, गोष्टीतल्यासारखं वाईट नाही. नवरा अबोल पण प्रेमळ. सासू कडक दिसायची, पण सुनेच्या ताटात तूप वाढताना तिचा हात सैल सुटायचा. बकुळा तिला आत्याबाई म्हणायची. ही आत्याबाईही मूळची डोंगराअलीकडचीच. कितीतरी वर्षांपूर्वी ती याच वाटेने सून होऊन आली होती.

सटवाजी पहिल्यांदा दारात आला तेव्हा बकुळा घागर घेऊन निघाली होती. "बोल पोरी, सुखी की दुःखी?"

"सुखी!" बकुळा हसली.

तो पांढरा दोरा खरा होता. गोजराने गूळ वाटला, आणि स्वतः खाल्ला तोही गोड लागला.

दिवस गेले. म्हणजे काळही सरला आणि बकुळाला दिवसही गेले. घरात आनंदीआनंद झाला. आत्याबाई तिला जड उचलू देईना, नवरा रानातून बोरं-आवळे आणू लागला. आणि नेमकं तेव्हाच बकुळाला काहीतरी व्हायला लागलं.

काय होतंय ते तिला सांगता येईना. भाकरी थापायला बसली की हात थांबायचे. डोंगराकडे नजर गेली की ती तिथेच अडकायची. कुणी रागावलेलं नसायचं, तरी डोळे भरायचे. पोटातलं बाळ हललं की हसू यायचं आणि लगेच छातीत धस्स व्हायचं. पुढच्या खेपेला सटवाजी आला, तेव्हा ती म्हणाली, "काका, कसं सांगू? तसं सगळं छान आहे, पण..."

"झालं! तूसुद्धा 'पण'वर आलीस." सटवाजीने सूर्याकडे बघितलं. "पोरी, मला अजून अर्धं गाव घ्यायचंय. पांढरा की काळा?"

बकुळाने काळ्या गुंडीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांपुढे अंगण आलं, काठ्या घेतलेले काकेमामे आले, आणि दारात खाली मान घालून उभी असलेली आत्याबाई आली. तूप वाढणारी. काय केलं होतं तिने?

"पांढरा," बकुळा म्हणाली.

इकडे गोजराच्या दारात दोरा पोहोचला. सटवाजीने पोटातल्या बाळाचीही बातमी सांगितली. गोजराने देवापुढे साखर ठेवली, गूळ वाटला, बायकांनी तिला मिठ्या मारल्या. सगळ्या गेल्यावर ती उंबऱ्यावर बसली. लेक सुखी आहे म्हणजे आपण हसायला हवं, हे तिला कळत होतं. पण आत कुठेतरी लहानसं टोचत होतं. पहिलटकरीण पोर, आणि तिला आईची आठवण म्हणून नाही? सुखी, एवढंच? 'विसरली,' गोजरा मनाशी म्हणाली. 'विसरू दे. लेकीने विसरावंच.' असं म्हणत तिने डोळे पुसले.

"वहिनी, तिकडे काय सांगू?" पुन्हा डोंगराकडे निघताना सटवाजीने विचारलं. "सुखी की दुःखी?"

"सुखी!" गोजरा फटकन म्हणाली. "सांग तिला, तुझी आई अगदी सुखी आहे. काही काळजी करू नको म्हणावं."

तो पांढरा दोरा डोंगर चढून गेला. बकुळाने तो हातात घेतला. आई सुखी. म्हणजे माझ्यावाचून तिचं काही अडत नाही. बरं झालं. तिने दोरा पदराच्या गाठीला बांधला आणि त्या दिवशी जेवली नाही.

बघा गंमत. गंमत कसली, डोक्याला हात लावायची पाळी! अलीकडे आई झुरतेय, पलीकडे लेक झुरतेय, आणि मधून सटवाजी इमानदारीने सुख वाहून नेतोय. जितके पांढरे दोरे जास्त, तितक्या दोघी जास्त खचल्या. आणि सगळं गाव गूळ खात होतं.

बकुळाचे महिने भरत आले. घास घशाखाली उतरेना. गाल बसले, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. नवऱ्याने वैद्य आणला. वैद्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि म्हणाला, "अंगात रोग नाही. पण पोरगी अशीच उपाशी राहिली तर बाळंतपणाचं बळ कुठून आणणार? दोघांच्याही जिवाला घोर आहे." नवरा गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवर डोकं टेकून उभा राहिला.

त्याच दुपारी सटवाजी आला. दारात बकुळा नव्हती, आत्याबाई होती.

"निरोप्यादादा," ती म्हणाली, "आज विचारू नका. काळा दोरा बांधा."

सटवाजी दचकला. "अहो विहीणबाई! काळा म्हणजे काय होतं माहीत आहे ना? काठ्या येतील दारात. साऱ्या पंचक्रोशीत तुमचं नाव..."

"येऊ देत काठ्या. त्यांच्या मागून तिची आई तर येईल ना? माझ्या नावाचं काय लोणचं घालायचंय? बांधा तुम्ही."

आतून भिंतीला धरत बकुळा बाहेर आली. "नाही. काका, बांधू नका. आत्याबाई, ते खोटं आहे. मी दुःखी नाही हो! या घरात मला काय कमी आहे? तुम्ही मला किती जपता! मी तुमच्यावर आळ कसा घेऊ?"

"मग सुखी आहेस का?" आत्याबाईने विचारलं.

बकुळाने डोंगराकडे पाहिलं. ती मटकन खाली बसली.

सटवाजी दोन्ही गुंड्या हातात घेऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुठे जायची घाई नव्हती. एक दोरा बांधला तर सासू बुडते, दुसरा बांधला तर पोर जाते. तो ओट्यावर टेकला आणि काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली.

"पोरी," तो म्हणाला, "माझ्याकडे हे दोनच आहेत गं. मी तरी काय करू?"

बकुळाने त्याच्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही सगळ्यांना विचारता. तुम्हाला कुणी विचारलं, तर तुम्ही कुठला बांधाल?"

आता सटवाजीला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. "मी होय?" तो हसला. "मला काय धाड भरलीय? पाय धड आहेत, घरोघर भाकरी मिळते. मी सुखीच..." आणि तो थांबला. कपाळावरचा घाम पुसला. मग हळूच म्हणाला, "पण एक होतं. आमची कारभारीण गेली त्याला खूप वर्षं झाली. ती होती तेव्हा मी घरी आलो की काठी उंबऱ्यावर दोनदा आपटायचो, म्हणजे ती चुलीवर तवा टाकायची. अजूनही आपटतो. आत कुणी नाही, मला ठाऊक आहे. तरी आपटतो. मग आत जातो आणि... रडू येत नाही. दुखत नाही. काहीसुद्धा होत नाही, आणि तेच सोसत नाही. ह्याला काळा म्हणू की पांढरा?"

आत्याबाई त्याच्याजवळ येऊन बसली. तिचा आवाज मऊ झाला होता. "दादा, ह्याला सुनं वाटणं म्हणतात. सुनं सुनं."

"सुनं सुनं," सटवाजी म्हणाला. त्याने तो शब्द पुन्हा म्हणून पाहिला. आणि काय सांगू, तो काटक म्हातारा ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडला. रडून झाल्यावर त्याने उपरण्याने नाक पुसलं. "अहो, हा शब्द तर मला येत होता की! पावसाळ्यात बाजार उठला की आपण म्हणतो, बाजार सुना झाला. पण तो माझ्या घराचाही आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आता जरा हलकं वाटतंय बघा."

शब्द सगळ्यांनाच येत होते, माझ्या बाळांनो. पाणवठ्यावर, चुलीपाशी, लेकरू निजवताना बायका हेच शब्द बोलत होत्या. फक्त निरोप्या दारात आला की ते सगळे शब्द घरात ठेवून दोनच बाहेर काढायच्या.

"बकुळे," आत्याबाई म्हणाली, "आता तू सांग. सुखी-दुःखी राहू दे बाजूला. काय होतं तेवढं सांग."

बकुळा सावकाश बोलू लागली. "संध्याकाळी कुणाच्या तरी चुलीवर भाकरी भाजते, आणि आईच्या भाकरीचा वास आल्यासारखं होतं. मग हातातलं काम सुटतं. कुणीतरी यायचंय आणि येत नाही, असं वाटत राहतं."

"हुरहूर," आत्याबाई लगेच म्हणाली. इतकी लगेच, की दोघांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान फिरवली. "मला माहीत आहे. मी पण त्याच डोंगराकडे बघत इथे म्हातारी झाले. मी पण पांढरेच दोरे धाडत होते. माझ्या आईचेही पांढरेच यायचे. तिला माझी आठवण येते की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि मग एक दिवस कळलं, की ती गेली."

सटवाजीने मान खाली घातली. ते दोरे त्यानेच वाहिले होते. तेव्हा तो तरुण होता आणि डोंगर पळत चढायचा. "बाई," तो म्हणाला, "मला वाटायचं, मी तुम्हा दोघींना आनंद देतोय."

"तुमचा दोष नाही दादा. मी सांगितलंच कुठे?" ती उठली, आत गेली, आणि एक जुनी गोधडी घेऊन आली. कितीतरी बायकांच्या लुगड्यांचे तुकडे तिला जोडलेले होते. एका कडेचा हिरवा तुकडा विटला होता. "हे माझ्या आईच्या लुगड्याचं," असं म्हणत तिने त्यातून एक हिरवा धागा ओढला. "घ्या. ही हुरहूर. बांधा."

"आणि बाळाचं काय होईल, आपल्याला जमेल की नाही, असं सारखं वाटतं," बकुळा म्हणाली. "भीती म्हणावी तर बाळ हवंहवंसं आहे."

"ती धाकधूक. सगळ्या पहिलटकरणींना असते, मलाही होती." दुसरा धागा निघाला, तांबडा.

बकुळा जरा घुटमळली. "आणि... आईचा मला राग आलाय. तिला माझी आठवण येत नाही. अगदी सुखी आहे म्हणे!"

सटवाजी पुढे झुकला. "राग म्हणजे? भांडायचंय तिच्याशी?"

"छे हो. तिने येऊन समजूत काढावी, असा."

"मग तो राग नव्हे, रुसवा आहे," सटवाजी खूष होऊन म्हणाला. आता त्यालाही चव लागली होती. "रुसवा आपल्या माणसावरच असतो. द्या विहीणबाई, जांभळा द्या एक."

"अजून आहे," बकुळा म्हणाली आणि तिने आत्याबाईचा हात धरला. "इथे माझा जीव रमलाय, हेही सांगा. ह्या घराची माया लागलीय मला. हे नाही सांगितलं तर बाकीचं सगळं खोटं होईल." आत्याबाईने पिवळा धागा काढला, पण तिला तो धड दिसेना, कारण डोळे भरून आले होते.

सटवाजी निघाला. त्या दिवशी तो धावला नाही. एकेक धागा बोटाने चाचपत, तोंडाने पुटपुटत, सावकाश चढला. खिंडीत पोहोचला आणि मधेच अडला. तांबडा कशाचा? राग? छे. लाज? नव्हे. तो दगडावर बसला. रंग आठवून काही उपयोग होईना. मग त्याने डोळे मिटले आणि बकुळाचा चेहरा आठवला. पोटावर हात ठेवून ती कशी बोलत होती ते आठवलं, आणि शब्द आपोआप ओठांवर आला. धाकधूक. 'अरे सटवाजी,' तो स्वतःला म्हणाला, 'इतकी वर्षं दोरे वाहिलेस, चेहरा एकाचाही पाहिला नाहीस.'

गावात शिरला तेव्हा लोक नेहमीसारखे वेशीवर जमले होते. गोजराही होती, गुळाची वाटी पदराखाली धरून. सगळ्यांनी काठी पाहिली आणि एकच कालवा झाला.

"हे काय सोंग?" गावचा पाटील पुढे आला. "हिरवं, तांबडं, जांभळं! सटवाजी, काठीला काय जत्रा भरलीय? आम्ही गूळ वाटायचा की काठ्या उचलायच्या?"

"दोन्ही नको," सटवाजी म्हणाला. "बसा आणि ऐका. वेळ लागेल."

त्याला वेळ लागेल म्हणताना कुणी कधी ऐकलं नव्हतं. माणसं खाली बसली. सटवाजीने हिरवा धागा धरला आणि गोजराला तिच्या भाकरीच्या वासाचं सांगितलं, हातातलं काम सुटतं ते सांगितलं, येणाऱ्या माणसाची वाट बघणं सांगितलं. तांबड्याचं सांगितलं. पिवळ्याचं सांगताना म्हणाला, "सासरी सगळं उत्तम आहे वहिनी. सासू तर अशी, की आईला बोलवायला आपल्या अंगणात काठ्या सोसायला निघाली होती." पाटलाच्या हातातली काठी हळूच खाली गेली.

"आणि हा जांभळा तुमचा आहे. पोर तुमच्यावर रुसलीय. म्हणते, आई माझ्यावाचून सुखी आहे."

"मी? सुखी?" गोजराच्या हातातली वाटी खाली पडली. "अरे देवा! अगं वेडे पोरी! मला वाटलं तू मला विसरलीस!" ती हसत होती की रडत होती, कळेना. "सटवाजी भावजी, मी रोज उठते आणि माझे हात शिवशिवतात. पाठवणीच्या दिवशी तिच्या तोंडावरून हात फिरवायचा राहिला. चूल पेटवताना तेच मनात, दिवा लावताना तेच. असं का करत बसते मी?"

"रुखरुख म्हणतात त्याला," सटवाजी म्हणाला. "धागा देऊ का बांधून?"

"धागा कशाला? मीच जाते!"

पाटील खाकरला. "गोजराकाकी, रीत आहे. काळ्या दोऱ्याशिवाय आईने डोंगर ओलांडायचा नाही."

गोजरा त्याच्यासमोर उभी राहिली. साधी बाई, पाटलापुढे कधी मान वर न केलेली. "पाटील, काळा दोरा येतो तो पोर बुडाल्यावर. मी ती बुडायची वाट बघू? तुमचीही लेक पलीकडे आहे. गेल्या खेपेला तुमच्याकडे पांढरा आला होता ना? गूळ गोड लागला का तुम्हाला?"

पाटलाने हातातली काठी जमिनीवर ठेवली. मग त्याने फेटा सारखा केला आणि म्हणाला, "पीठ-मीठ घेऊन जा काकी. आणि सटवाजी, परत येताना माझ्या लेकीच्या दारात जरा बस. तिला नीट विचार."

दुसऱ्या दिवशी गोजराने डोंगर ओलांडला. काठ्या नाहीत, भावकी नाही, डोक्यावर पिठाचं गाठोडं आणि पुढे सटवाजी. बकुळा ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. वळणावर आई दिसली, तेव्हा ती उठायला गेली आणि तिला उठवेना. गोजरा धावत आली. तिने गाठोडं टाकलं आणि दोन्ही हातांनी लेकीच्या तोंडावरून कितीतरी वेळ हात फिरवला.

मग बकुळा हुंदका देत म्हणाली, "मी रुसलेय तुझ्यावर."

"ठाऊक आहे गं मला. म्हणून तर आले," गोजरा म्हणाली.

त्या संध्याकाळी गोजराने चुलीवर भाकरी भाजली. आत्याबाईने त्यावर तूप सोडलं, हात सैल करून. बकुळा जेवली. तिचा नवरा दारात उभा राहून तिच्या घासाघासाकडे बघत होता, आणि तो अबोल माणूस आत्याबाईला म्हणाला, "आई, अजून एक भाकरी आहे का?" बाळंतपण सुखरूप झालं. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला सासू, आणि दोघींमध्ये टॅहा करणारी एक मुलगी.

त्यानंतर ती दोन दोऱ्यांची रीत मोडली. कुणी मुद्दाम मोडली नाही, लोकांना ती पुरेनाशी झाली. सटवाजीची काठी इतकी रंगीबेरंगी झाली, की लांबून वाटायचं कुणी फुलं घेऊन येतंय. निरोपांना वेळ लागू लागला, आणि कुणी कुरकुर केली नाही. आया डोंगर चढू लागल्या, लेकी उतरू लागल्या. इतक्या पावलांनी ती अवघड वाटही रुळली.

पाय थकल्यावर सटवाजी वेशीवरच्या लिंबाखाली बसून गोष्टी सांगू लागला. त्याच्या गोष्टींसाठी लांबलांबून माणसं यायची. कारण दुसऱ्या कुणाच्या गोष्टीत "राणी दुःखी झाली" एवढंच असायचं, आणि सटवाजी तिथे थांबून विचारायचा, "कशी दुःखी? तिला हळहळ वाटली? की तगमग झाली? की नुसतीच उदास होऊन खिडकीशी बसली? अरे, राणी आपली आहे, तिला नीट विचारू या." मग ऐकणारे पुढे सरकून बसायचे, आणि ती राणी प्रत्येकाला आपल्या घरातली वाटायची.

एकदा बकुळा माहेरी आली होती. सटवाजी आपल्या घराच्या उंबऱ्यावर बसला होता. येता येता त्याने नेहमीसारखी काठी दोनदा आपटली होती, ते तिने ऐकलं होतं.

"काका, आज कुठला दोरा?" तिने विचारलं. "सुनं वाटतंय?"

सटवाजीने विचार केला. "नाही गं. आज काठी आपटली आणि ती हसल्याचं आठवलं. ती नाही म्हणून वाईट वाटलं, आणि ती होती म्हणून बरंही वाटलं. दोन्ही एकदमच. ह्याला काय म्हणायचं, मला नाही बाई सापडत."

बकुळा त्याच्याशेजारी उंबऱ्यावर बसली. "मग शोधू या. मला काही घाई नाही."

"मलाही नाही," सटवाजी म्हणाला, आणि दोघं बराच वेळ तिथे बसून राहिले.

तात्पर्य: मनातलं नेमक्या शब्दांत सांगा आणि दुसऱ्याचं सवड काढून विचारा, कारण ज्याला नाव मिळतं तेच दुसऱ्याच्या काळजापर्यंत पोहोचतं.